जुना पॉवर हॅमर कुणी घ्यावा?

धुळे–सोलापूर महामार्ग बीडच्या दक्षिणेला बालाघाटाचा डोंगर चढून मांजरसुंब्याला येतो. इथून एक फाटा नेकनूरवरून केज-अंबाजोगाईला जातो, दुसरा पाटोदा-जामखेडमार्गे अहिल्यानगरकडे. जड वाहने घाट चढून जिथे दम खातात तिथे लोखंडाला तोटा नसतो. तुटलेले पाटे, झिजलेले अ‍ॅक्सल, बेअरिंगच्या कड्या, जेसीबीच्या बकेटचे दात. लोहाराच्या लेखी हा कच्चा माल, आणि तोही चांगल्यापैकी. ट्रकचा पाटा म्हणजे सिलिकॉन घातलेले स्प्रिंग पोलाद. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कार्बन असतो, म्हणून ते धार धरते आणि सहजासहजी वाकून राहत नाही. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या हातातला कोयता अनेकदा अशाच पाट्यातून निघालेला असतो.

पाटा मिळतो, कोळसा मिळतो, हातभात्याच्या जागी विजेचा ब्लोअर येऊनही जमाना झाला. मिळेनासा झाला आहे तो घण मारणारा. म्हणून घरच्या शेडमध्ये भट्टी चालवणारा माणूस, मग तो पिढीजात लोहार असो, घिसाडी असो की आयटीआय करून हौसेने या कामात उतरलेला तरुण, कधी ना कधी पॉवर हॅमरचा विचार करतो. नवा परवडत नाही, तेव्हा जुना. कुठला, किती वजनाचा, कसा तपासायचा, कुठे रोवायचा यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. कुणी घ्यावा, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी, आणि त्यासाठी हा घण इतकी वर्षे आपल्याकडे का आला नाही हे पाहावे लागते.

आधी यंत्र थोडक्यात. मोटर पट्ट्याने एक जड चाक फिरवते, चाकावरचा क्रँक वर-खाली होतो, आणि क्रँक व घणाचे डोके यांच्यामध्ये पाट्यांची कमान किंवा गुंडाळीची स्प्रिंग असते. सगळी करामत या स्प्रिंगची. क्रँक थेट डोक्याला जोडला तर डोके दर वेळी ठरल्या जागीच थांबणार, आणि मध्ये जाड लोखंड आले की काहीतरी मोडणार. स्प्रिंगमुळे डोके क्रँकच्या पुढे झेपावते, मिळेल त्या जाडीवर आपटते आणि माघारी येते. पायाखालचे पेडल जेवढे दाबावे तेवढा क्लच धरतो. हलके दाबले तर थापट्या, पूर्ण दाबले तर धडाधड. हा स्प्रिंग हॅमर. दुसरा प्रकार हवेचा. त्यात एका सिलिंडरमध्ये दाबलेली हवा दुसऱ्या सिलिंडरमधले डोके उचलते आणि खाली फेकते. मँचेस्टरची मॅसी, बर्मिंगहॅमची ऑल्डेज अँड अनियन्स ही या घराण्यातली जुनी इंग्रजी नावे. आता चीनचा अन्यांग जगभर जातो. हॅमरची मापे डोक्याच्या वजनावरून सांगतात. जुन्या अमेरिकी यंत्रांवर २५, ५०, १०० पौंड असे आकडे दिसतात, इंग्रजी यंत्रांवर हंड्रेडवेट, म्हणजे एकाला सुमारे ५१ किलो.

आता एक हिशेब, जो मी तरी विकणाऱ्याच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. २५ पौंडी हॅमरचे डोके ११ किलोंचे. पाच किलोंचा घण डोक्यावरून आणून मारणारे धडधाकट माणूस एका घावात जेवढी ऊर्जा लोखंडात घालते, ती या छोट्या हॅमरच्या एका घावापेक्षा कमी नसते. बहुधा जास्तच भरते. फरक आहे तो मिनिटाचा. माणूस मिनिटाला वीस-पंचवीस घाव घालतो, तेही थोडा वेळ. हॅमर तीनशेच्या पुढे, दिवसभर. पाट्याचे पोलाद साधारण ११०० अंशांपासून ८५० अंशांपर्यंत मऊपणाने सरकते. त्याखाली बडवले तर चिरते. कोयत्याचे पातळ पाते भट्टीबाहेर काढल्यावर अर्ध्या मिनिटात या मर्यादेच्या खाली येते. त्या अर्ध्या मिनिटात दहा घाव पडले की दीडशे, हा सगळा प्रश्न. जे काम हाताने पाच-सहा तावांत होते ते हॅमरवर एक-दोन तावांत उरकते. कोळसा वाचतो, आणि पोलादाचा फायदा त्याहून मोठा. दर तावाला पृष्ठभागावरचा थोडा कार्बन जळतो आणि थोडे लोखंड पापुद्रा होऊन गळून पडते. ताव कमी तेवढी धार टिकाऊ.

यंत्र एवढे गुणाचे, तर मग गावोगावच्या लोहारांकडे ते का नाही? नोव्हेंबर १८३९ मध्ये जेम्स नॅस्मिथने वाफेच्या घणाचे चित्र काढले ते ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाच्या चाकांच्या अवाढव्य आसासाठी. जहाजाने पुढे पाण्यातला पंखा पत्करला आणि त्या आसाची गरज संपली. घण मात्र आधी फ्रान्समध्ये ल क्रूझोला उभा राहिला. नॅस्मिथचे पेटंट १८४२ चे. पण ही मोठ्या कारखान्यांची गोष्ट झाली. आपल्या प्रश्नाला जवळची गोष्ट अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मँकॅटो गावची आहे. तिथल्या मेयर ब्रदर्सनी ‘लिटल जायंट’ नावाचा स्प्रिंग हॅमर काढला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो गावागावांतल्या लोहारांच्या शेडमध्ये पोचला. गिऱ्हाईक कोण? शेतकऱ्यांचे नांगराचे फाळ ठोकून धारेला आणणारा साधा लोहार. म्हणजे नेकनूरचा किंवा लिंबागणेशचा लोहार जे काम करत होता, नेमके तेच काम करणारा माणूस. तिकडे त्याच्या शेडमध्ये यंत्र आले, इकडे नाही.

वीज नव्हती, भांडवल नव्हते, ही कारणे खरी. निजामाच्या राजवटीतल्या मराठवाड्यात कारखानदारी तोकडी होती, हेही खरे. ज्ञान नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. त्याच हैदराबाद संस्थानातल्या, आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमला मुशीत तयार होणारे पोलाद इराणपर्यंत तलवारींसाठी जात होते. मला वाटते, खरे कारण वेगळे आहे. अमेरिकेतल्या लोहाराला घण मारायला गडी ठेवावा लागे आणि त्याला मजुरी द्यावी लागे. यंत्राची किंमत त्या मजुरीतून सुटत होती. आपल्याकडे घण मारणारी घरातच होती.

घिसाडी कुटुंबाची भट्टी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. गावाच्या कडेला पाल, जमिनीत रोवलेली छोटी ऐरण, भात्यावर पोर, सांडशी आणि हातोडी धरून बसलेला नवरा, आणि पदर खोचून उभ्याने घण उचलणारी बायको. बघणाऱ्याला वाटते, डोके त्याचे आणि ताकद तिची. तसे नसते. हातोडी जिथे टकटक करते तिथेच घण पडावा लागतो, तोही हव्या त्या कोनात. हातोडी ऐरणीच्या कडेवर वाजली की थांबायचे. लोखंडाचा रंग तिलाही वाचता येतो, नाहीतर गार पात्यावर घाव पडून सगळा ताव फुकट जाईल. हे कसब आहे. पण त्याला वेगळी मजुरी कधी नव्हती, आणि ज्या श्रमाला दाम नाही तो वाचवणारे यंत्र कोण विकत घेणार? गावात स्थिरावलेल्या लोहाराचे बलुते होते, सुगीला खळ्यावर धान्य मिळे. तेही घराला मिळे, घणाला नाही. घिसाड्यांची गणना महाराष्ट्रात भटक्या जमातींत होते, आणि इथे दुसरी अडचण येते. पॉवर हॅमरला पाया लागतो. पायाला जागा लागते, जागेला सातबारा किंवा गावठाणातला उतारा लागतो. पालात हॅमर बसत नाही. ज्या घरातल्या बाईच्या खांद्यावरून तो घण उतरायला हवा त्याच घराला तो रोवायला जमीन नाही. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. त्या वसाहतींत राहत्या घराबरोबर कामाच्या शेडचा विचार व्हावा असे मला वाटते. घर मिळून भट्टी गेली तर माणूस मजुरीलाच लागतो.

दरम्यान लोहाराचे कामही पालटले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा, किर्लोस्करवाडी १९१० ची. बिडाचा फाळ झिजला की ठोकून वाढवायचा नसतो, बदलायचा असतो. तिथून फाळाचे काम हळूहळू ऐरणीवरून उतरले. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवण्याचे काम रबरी टायरांनी संपवले. रोटाव्हेटरची पाती कारखान्यातून येतात, कुदळ-फावडी जालंधर-लुधियाना-नागौरहून. उरले काय? खुरपी-विळ्यांना धार लावणे, कुऱ्हाड ठोकून देणे, पहारीला टोक काढणे, मोडलेल्या अवजाराला वेल्डिंग. ही पाच-दहा मिनिटांची कामे. त्यांत लोखंड ताणण्यापेक्षा भट्टी पेटवण्यात जास्त वेळ जातो. अशा दुकानात ८०० किलोंचे यंत्र आणून ठेवले तर ते दिवसातून चार वेळा धडधडेल आणि बाकी वेळ त्यावर घमेले ठेवले जाईल. जुन्या हॅमरच्या बाजूने बोलणारे हे सहसा सांगत नाहीत: हॅमर धार लावत नाही, तो लोखंड ताणतो. ताणण्याचे काम घाऊक असेल तरच त्याचा उपयोग.

बीड जिल्ह्यात असे घाऊक काम एकच शिल्लक आहे, ते कोयत्याचे. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, उचल त्या हिशेबाने मिळते. प्रत्येक जोडीला दोन-तीन तरी कोयते लागतात, दर हंगामाला नवे किंवा ठोकून घेतलेले. दसऱ्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत जेवढे कोयते बनतील तेवढे खपतात. पाट्याची उभी पट्टी कापायची, मुठीत जाणारा निमुळता दांडा काढायचा, पाते एका अंगाने पातळ करत न्यायचे. यातला दांडा आणि पात्याचा उतार ही हॅमरची हक्काची कामे. ऊसतोडणी यंत्रे आली की हेही काम जाईल, असे लोक म्हणतात. ती येत आहेत, पण लहान तुकड्यांच्या, पाट-बांधांच्या रानात त्यांचा वेग अजून कोयत्याला मोडून काढण्याएवढा नाही. जुना हॅमर घेणाऱ्याने तरी वीस वर्षांचा हिशेब न धरता पाचाचा धरावा.

तर असा जुना हॅमर येतो कुठून? इंग्रजी अमलात उभ्या राहिलेल्या रेल्वे वर्कशॉपांच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या लोहारशाळांतली यंत्रे मुख्यतः विलायतेहून येत. पुढे पंजाबात बटाला-लुधियानाला आणि गुजरातेत राजकोटला देशी स्प्रिंग हॅमर बनू लागले. आपल्याकडच्या लहान फोर्जिंगवाल्यांनी तेच घेतले. मग मोठ्या उद्योगाची वाट घणाकडून प्रेसकडे वळली. पुण्यात मुंढव्याला १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जने पुढे १६,००० टनी जर्मन प्रेस बसवला, हे त्या वळणाचे सगळ्यांत ठळक उदाहरण. छोटे फोर्जिंगवाले बंद पडत गेले तसतसे त्यांचे घण कुर्ल्याच्या भंगारात, दारूखान्यात किंवा सरकारी मालाच्या ई-लिलावांत निघू लागले. भंगारवाला किलोभावाने घेतो आणि चालू यंत्राच्या भावाने विकतो. मधला फरक म्हणजे त्याने वरून मारलेला हिरवा रंग.

तो रंगच आधी खरवडायचा. सांगाडा बिडाचा असतो आणि बीड वाकत नाही, फुटते. जिथे वरची मान खालच्या धडाला मिळते तिथे, क्रँकच्या बेअरिंगभोवती, आणि खालची डाय, म्हणजे ज्यावर लोखंड ठेवून ठोकतात तो ठोकळा, ज्या खाचेत बसते त्या खाचेच्या कोपऱ्यांत चीर शोधायची. रॉकेलचा बोळा फिरवून पुसले आणि वर खडूची पूड चोळली की चिरेत मुरलेले तेल रेघ होऊन वर येते. जुने वेल्डिंग दिसले तर लगेच नाही म्हणू नये. तापवून नीट केलेले काम वर्षानुवर्षे टिकते. पण खाचेच्या कोपऱ्यातली चीर मात्र वाढतच जाते, तिच्यावर पैसे घालू नयेत. नंतर डोके हाताने वर-खाली करून गाईडमध्ये किती खुळखुळते ते पाहायचे. थोडी ढिलाई पट्ट्या घालून काढता येते; डोके तिरके होऊन डाय एका कडेवर आपटत असेल तर धार सरळ येणारच नाही. क्रँकचे बेअरिंग अनेक जुन्या यंत्रांत बॅबिट ओतून केलेले असते. ते झिजलेले असले तर घाबरायचे कारण नाही. बॅबिट कमी आचेवर वितळते, जुन्या जाणत्या मिस्त्र्याकडे एका दिवसात नवे ओतून होते, आणि तेलाची धार चालू ठेवली तर बॉल बेअरिंगपेक्षा धक्के चांगले सोसते. कमानीचे पाटे मोडले असतील तर मांजरसुंब्यासारख्या नाक्यावर ती अडचण म्हणता येत नाही. हरवलेला बिडाचा भाग ही खरी डोकेदुखी. त्याचा लाकडी साचा करून कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतून घेता येतो, पण एका नगासाठी कुणी आनंदाने भट्टी लावत नाही.

या सगळ्यापेक्षा मी ज्याला जास्त मानतो ती खालची ऐरण. घणाच्या डोक्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा पट वजन त्याच्या खाली हवे. ते नसेल तर घाव लोखंडात न जाता जमिनीत जातो आणि शेजाऱ्याच्या फडताळातली भांडी वाजतात. घरी जोडलेल्या हॅमरांत इथेच हात आखडलेला असतो: वरचे डोके चाळीस किलोंचे आणि खाली शंभर किलोंचा पाइप वाळू भरून उभा केलेला. आवाज भरपूर, काम थोडे. असे यंत्र फुकट मिळाले तरी परवडत नाही.

आणताना हायड्रा क्रेन लागते आणि उतरवताना चेन कुप्पी. स्प्रिंग हॅमरचे वजन वरच्या अंगाला असते, म्हणून तो टेंपोत उभा बांधून घाटाची वळणे घेऊ नयेत; आडवा झोपवून आणावा.

पायाच्या बाबतीत मांजरसुंबा नशीबवान आहे. खाली गोदेच्या खोऱ्यात गेवराई-माजलगावकडे काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात यंत्राचा पाया दरवर्षी हलतो. डोंगरावर मुरूम लवकर लागतो आणि त्याखाली काळा खडक. लहान हॅमरला मुरमापर्यंत खणून एकसंध काँक्रीटचा ठोकळा घालावा, तो शेडच्या फरशीला आणि भिंतीला कुठेही न चिकटता, भोवती वाळूची पट्टी सोडून. ठोकळा आणि यंत्र यांच्यामध्ये बाभळीच्या फळ्या किंवा कन्व्हेयरचा जाड रबरी पट्टा. मोठ्या घणांच्या पायांसाठी आयएस २९७४ या भारतीय मानकाचा दुसरा भाग आहे. घरच्या २५-५० पौंडी यंत्राला तेवढे गणित लागत नाही, पण त्यातले मूळ सूत्र, पाया इमारतीपासून वेगळा ठेवा, हे इथेही लागू. याला मराठवाड्यात एक जादा कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसे मारली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने. बालाघाटावरच्या जुन्या घरांत अजून त्याच भिंती आहेत. त्यांच्यापासून दोन हातांवर मिनिटाला तीनशे घाव घालणारे यंत्र लावणे हा अडाणीपणा आहे, मग भिंत आपली असो की भावकीची.

शेजारधर्माची दुसरी बाजू आवाजाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हॅमरजवळ उभ्या माणसाच्या कानावर नव्वदच्या पुढे सहज जाते. म्हणजे गावठाणात तो बसतच नाही. रस्त्याकडेच्या, ट्रकांच्या आवाजाला सरावलेल्या जागेतच बसतो. चालवणाऱ्याने कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नये. कमानीभोवती लोखंडी पिंजरा हवा, कारण थकलेला पाटा तुटतो तेव्हा तुकडा सरळ माणसाच्या उंचीवर येतो. डाय धरून ठेवणाऱ्या पाचरी रोज सकाळी ठोकून पाहाव्यात. थंडीत पहिली दहा मिनिटे डायही गरम करून घ्याव्या लागतात, गार पोलादी डाय तडकते.

विजेचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. २५ पौंडी यंत्राला एक-दीड अश्वशक्तीची मोटर पुरते, ५० पौंडीला दोन ते तीन. गावठाणच्या सिंगल फेजवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण, लावून तीन अश्वशक्तीपर्यंतची थ्री फेज मोटर चालते; सुरुवातीचा झटकाही त्याने सौम्य होतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून तार ओढण्याचा मोह अनेकांना होतो. तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाची रक्कम हॅमरच्या किमतीला लाजवते. शिवाय शेतीची थ्री फेज ठरावीक तासच असते, आणि ऐन कोयत्याच्या हंगामात ते तास नेमके रात्रीचे निघाले तर वरचे ४५ डेसिबल पुन्हा आडवे येतात. महावितरणची औद्योगिक जोडणी घेणे हाच सरळ रस्ता.

जुना हॅमर नकोच म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. हायड्रॉलिक प्रेसला पाया लागत नाही, आवाज नाही, जाड लोखंड तो मधोमध दाबतो. पण तो हळू, आणि पातळ पाते डायला चिकटून झटकन गार होते. कोयत्यासाठी तो माझ्या यादीत खाली आहे. अमेरिकेतल्या क्ले स्पेन्सर या लोहाराने मोटारगाडीचे चाक-टायर क्लच म्हणून वापरणारा ‘टायर हॅमर’ लोकप्रिय केला आणि तो घरी बांधण्याच्या कार्यशाळा घेतल्या. टायरवाल्यांची दुकाने पाहता हे यंत्र खरे तर महामार्गावरच्या नाक्यावरच सुचायला हवे होते. चांगला फिटर आणि खालच्या ऐरणीसाठी भरीव लोखंडाचा ठोकळा मिळत असेल तर फुटलेल्या सांगाड्याच्या विलायती यंत्रापेक्षा हा पर्याय मी आधी सुचवीन. जुन्या नावाची ओढ मला कळते, त्या ओतकामाचे देखणेपणही; पण ती हौस ज्याचे पोट दुसऱ्या कामावर चालते त्याने करावी.

राहिले पैसे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांपैकी लोहार एक, आणि हातोडा व अवजारे बनवणारे वेगळे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर, प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. व्हाउचरमध्ये सांडशा, ग्राइंडर येईल, हॅमर येणार नाही. कर्जात येऊ शकतो. पण लाभ एका कुटुंबातल्या एकालाच. भट्टीवर दोघे राबतात आणि कागदावर एकच नाव लागते. ते सहसा सांडशी धरणाऱ्याचे असते.

म्हणून ‘कुणी घ्यावा’ याचे माझे उत्तर असे: एकट्या लोहाराने नव्हे, नाक्याने घ्यावा. नेकनूर, लिंबागणेश, येळंबघाट, चौसाळा, पाटोदा या टापूतल्या चार-सहा भट्ट्यांना मिळून एक ५० पौंडी हॅमर मांजरसुंब्याच्या रस्त्याकडेला पुरतो. पिठाच्या गिरणीसारखा तो चालावा. प्रत्येक घरात गिरणी नसते, दळण घेऊन जातात आणि पायलीवर पैसे देतात; तसे लोहारांनी पट्ट्या कापून, दांड्याचे टोक काढून आणाव्यात, नगावर दर द्यावा, पात्याचा उतार ताणून न्यावा, आणि घासकाम, पाणी देणे, मूठ बसवणे आपापल्या ऐरणीवर करावे. भट्टी हॅमरजवळ एक सामायिक लागेल. भागीदारीत भांडणे होतात हे खरे, आणि ती बहुतेक तेलावरून होतील. जुन्या हॅमरला तासा-दोन तासाला तेल पाजावे लागते आणि सामायिक यंत्राला कुणीच पाजत नाही. त्यासाठी चालवणारे माणूस एकच आणि पगारी हवे.

ते माणूस बाई असावी, असे मी सुचवतो, आणि यात दया-उपकाराचा भाग नाही. हॅमरवर खांदा लागत नाही. लागतो तो तळपाय, आणि लोखंडाचा रंग वाचणारी नजर. किती घाव, कुठे, आणि कधी थांबायचे याचा अंदाज. हे सगळे वर्षानुवर्षे घण मारलेल्या बाईकडे तयार आहे, आयटीआयच्या पोराला ते शिकायला दोन हंगाम जातील. सैल पदर मात्र पट्ट्याजवळ चालणार नाही, साडीवर जाड कापडाचा कोट आणि चामड्याचा एप्रन घालावा लागेल.

पहिल्या हंगामासाठी डायचे दोन जोड पुरतात. एक सपाट, आणि एक मधोमध गोलसर उंचवटा असलेला. गोल डाय लोखंड लांबवते, सपाट ते साफ करते. डायसाठी नवे पोलाद विकत घेऊ नये, ट्रकच्या जाड अ‍ॅक्सलचा तुकडा ठोकून चौरस केला की सुरुवातीला चालतो. एकाच जाडीचे शंभर कोयते काढायचे असतील तर खालच्या डायजवळ हव्या त्या जाडीची पट्टी अडवून ठेवावी, म्हणजे घण तिथे पोचून थांबतो आणि प्रत्येक पाते मोजत बसावे लागत नाही. पाटा कापण्याआधी वायर ब्रशने घासून मधल्या बोल्टच्या भोकाभोवती नीट पाहावे. लाखो धक्के खाल्लेल्या पाट्यात केसाएवढी चीर तिथेच असते, हॅमर ती लांबवून थेट धारेत नेतो. भोकापासून चार बोटे दोन्हीकडे सोडून द्यावे. पाणी देताना पूर्ण पाते बादलीत बुडवण्याची सवयही सोडावी लागेल. सिलिकॉनचे पोलाद ८७० अंशांच्या आसपास लाल-नारिंगी झाल्यावर जुन्या इंजिन ऑइलमध्ये, आधी थोडे कोमट करून, धारेकडून उतरवले तर तडे कमी जातात. मग धारेवर पिवळसर-तपकिरी रंग चढेपर्यंत पुन्हा हलकी आच. बांधावरच्या दगडावर कोयता आपटला की धारेचा तुकडा उडतो, अशी तक्रार टोळीवाले करतात, तिचे मूळ बहुतेक वेळा या शेवटच्या आचेत असते, आणि तिथे हॅमर जुना असो की नवा, काहीच मदत करत नाही.